मधूनच बंद पडणारी गाडी आणि माझी वही

(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

भाषण करायची मला सवय नाही. मी संस्थेची गाडी चालवते. सातारा जिल्ह्यातल्या गावांतून बायकांना सल्ला केंद्रावर आणायचं, कोर्टात, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात न्यायचं, हे माझं काम. ताई म्हणाल्या, गाडीची गोष्ट सांग. म्हणून उभी राहिले.

गेल्या उन्हाळ्यात आमची पेट्रोलची गाडी मधूनच बंद पडायला लागली. पहिल्यांदा पडली ती पसरणी घाटात. पाचगणीहून वाईकडे उतरत होते. मागे एक बाई आणि तिचं तान्हं मूल. नवरा मोटरसायकलवरून मागे येईल, या धास्तीनं ती सारखी वळून बघत होती. वळणावर इंजीन गेलं. स्टिअरिंग जड झालं. मी क्लच दाबला. ब्रेक एक-दोनदा नेहमीसारखा लागला, मग पाय दगडावर ठेवल्यासारखा झाला. इंजीन थांबलं की ब्रेकला मिळणारी मदतही थांबते. सगळं बळ लावून आणि हँडब्रेक ओढून डोंगराच्या बाजूला गाडी घेतली. वीस मिनिटं सेल्फ मारत होते. मग एकदम चालू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

गॅरेजमध्ये नेली. तिथं गाडी लगेच चालू! मालकानं पहिला प्रश्न विचारला, "चालवतं कोण?" मी म्हटलं, मी. "मग ताई, क्लच नीट सोडत नसाल." त्यांनी प्लग बदलले, पंप साफ केला, बॅटरीची वायर काढून परत लावली. नंतर स्कॅनर लावला आणि म्हणाले, फॉल्ट नाही. बॅटरीची वायर काढली की बऱ्याच गाड्यांत साठलेले कोड पुसले जातात, हे मला नंतर कळलं. पुरावा त्यांनीच पुसला आणि पुरावा नाही म्हणून मला खोटं ठरवलं.

चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद. आपल्याच बैठकीत विषय निघाला, की अनुभवी पुरुष ड्रायव्हर बघावा का. मी गप्प बसले. पण त्या रात्री वही घेतली. केंद्रावर येणाऱ्या बाईला आपण काय सांगतो? तारीख लिही, वेळ लिही, काय झालं ते लिही. चारचौघांत गरीब गाय आणि घरात हात उचलणारा नवरा असाच तर पकडायचा असतो. मग मी का लिहू नये?

प्रत्येक वेळी लिहिलं: किती वाजता, किती किलोमीटर झाल्यावर, ऊन किती, पेट्रोल किती, आरपीएमचा काटा कुठं होता, किती मिनिटांनी चालू झाली. आठ नोंदी झाल्या. सकाळी थंड गाडी एकदाही बंद पडली नव्हती. पडली ती तासभर चालल्यावरच, आणि चालू झाली ती निवल्यावर. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काटा. गाडी गिअरमध्ये असते, चाकं इंजीन फिरवत असतात, तरी काटा एकदम शून्यावर. पेट्रोल तुटलं तर काटा वेगाबरोबर हळूहळू खाली यायला हवा. इथं इंजीन फिरत होतं, पण ते फिरतंय ही खबरच कुणाला मिळत नव्हती.

ही खबर देतो क्रँकशाफ्टचा सेन्सर. दात्यांच्या चाकाजवळ बसवलेला छोटासा भाग. त्याचा इशारा गेला, की ठिणगी केव्हा टाकायची, पेट्रोल केव्हा सोडायचं हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळत नाही. आतली बारीक तार तापून सुटते, निवली की पुन्हा जुळते.

दुसऱ्या गॅरेजात वही घेऊन गेले. तिथल्या मिस्त्रींनी वही पूर्ण वाचली. म्हणाले, "गाडी तापवून आणा, बंद करू नका." या वेळी स्कॅनरवर पी०३३९ आला, म्हणजे याच सेन्सरचा इशारा मधूनच तुटतो. तरी त्यांनी लगेच सेन्सर बदलला नाही, आणि हे लक्षात ठेवा. कोड फक्त वाट दाखवतो. घासलेली वायर किंवा ढिला कनेक्टर असला तरी तोच कोड येतो. त्यांनी कनेक्टर उघडून पाहिला, इंजीन चालू ठेवून वायर हलवून पाहिली. काही फरक नाही. मग इंजीन तापून बंद पडलं तेव्हा सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य. सेन्सरवर ओलं फडकं ठेवलं. थोड्या वेळानं आकडा दिसला आणि गाडी चालू झाली. तेव्हाच नवा सेन्सर घातला. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, गाडी एकदाही बंद पडली नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे गाडी असो नसो, एवढं करा. बिघाड दिसला की लिहा. कोड पुसण्याआधी वाचून घ्या. जुना भाग परत मागा. आणि चालवणारीचं म्हणणं आधी ऐका.

शेवटचं. पुरुष ड्रायव्हर बघावा, हे वाक्य आपल्या बैठकीच्या इतिवृत्तात अजून आहे. ते खोडा असं मी म्हणत नाही. त्याच्याखाली माझ्या वहीची आठ पानं जोडा, एवढीच माझी मागणी आहे.