अहमद शाह बुखारी : आवाज आणि विश्वास

दिल्ली नभोवाणी केंद्राचे कार्यक्रम १ जानेवारी १९३६ रोजी अलीपूर रोडवरील १८ क्रमांकाच्या बंगल्यातून सुरू झाले. त्याच वर्षी ८ जूनला या साऱ्या व्यवस्थेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. तिचे नियंत्रक लायोनेल फील्डन बी.बी.सी.तून आलेले होते. यंत्रे विलायतेहून मागवता येत होती; पण या देशाच्या कानाला काय रुचेल, ते सांगणारा माणूस येथलाच हवा होता. तो त्यांना लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात सापडला. इंग्रजीचे प्राध्यापक अहमद शाह बुखारी हे ते गृहस्थ होत.

बुखारींचा जन्म १८९८ सालचा, पेशावरचा. लाहोर आणि केंब्रिज येथे त्यांचे शिक्षण झाले. पण उर्दू वाचकांना ते अधिक परिचित होते ते ‘पतरस’ या नावाने. कुत्री, जुनी सायकल, वसतिगृह असल्या साध्या विषयांवरचे त्यांचे मोजके विनोदी लेख आजही आवडीने वाचले जातात. चिं. वि. जोशींच्या चिमणरावावर प्रेम करणाऱ्या मराठी वाचकाला या विनोदाची जात ओळखीची वाटेल. विनोदी लेखकाला वाचकाचा चेहरा दिसत नसतो, तरीही त्याला हसू कोठे फुटेल हे त्याला अचूक जाणावे लागते. नभोवाणीवर बोलणाऱ्याचेही तसेच असते. वर्गात चाळीस चेहरे समोर असतात. ध्वनिग्राहकासमोर एकही नसतो.

फील्डन परतल्यावर १९४० मध्ये बुखारी महासंचालक झाले. त्यांचे धाकटे बंधू झुल्फिकार अली हेही नभोवाणीतच अधिकारी असल्यामुळे टीकाकारांनी बी.बी.सी. या अक्षरांचा ‘बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन’ असा नवा अर्थ लावला. थट्टेत बोच होती. पण त्या काळच्या दिल्ली केंद्राकडे पाहिले तर सआदत हसन मंटो, कृष्ण चंदर, उपेन्द्रनाथ अश्क यांच्यासारखे लेखक तेथे काम करताना दिसतात. साहित्यिकाला सरकारी कचेरीत खुर्ची मिळावी, ही गोष्ट तेव्हा लहान नव्हती.

खरी कसोटी मात्र बातमीच्या भाषेची होती. बातम्या हिंदुस्तानीत द्यायच्या, पण ती हिंदुस्तानी कोणाची? ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणावे तर लाहोरचा श्रोता अडखळे. ‘बैनुल-अक्वामी’ म्हणावे तर काशीचा. बुखारींनी उर्दूचे चिराग हसन हसरत आणि हिंदीचे स. ही. वात्स्यायन ‘अज्ञेय’ या दोघांना एकत्र बसवून शब्दसंग्रह करवून घेतला. तरीही हिंदीच्या कैवाऱ्यांना नभोवाणी उर्दूकडे झुकलेली वाटत राहिली, आणि पुढे हिंदी व उर्दू बातमीपत्रे वेगवेगळी झाली. भूमीची फाळणी होण्याआधी ती अशी शब्दांत उमटू लागली होती.

त्यातच महायुद्ध आले. १ ऑक्टोबर १९३९ रोजी पुश्तू भाषेतील प्रक्षेपणाने दिल्लीहून परदेशांसाठी बोलण्यास आरंभ झाला. जर्मन प्रचाराला उत्तर देणे हा त्याचा हेतू होता. आज ज्याला लोकराजनय म्हणतात, म्हणजे परक्या सरकारशी नव्हे तर परक्या जनतेशी बोलणे, त्याची ही दिल्लीतील पहिली शाळा. परंतु तो आवाज ब्रिटिश सरकारचा होता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले, तेव्हा देशात खरे काय घडत आहे ते ऐकण्यासाठी लोक दिल्लीकडे कान लावीनात. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी पोलिसांना चुकवीत जागा बदलून चालवीत असलेला काँग्रेस रेडिओ नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिला. साधने तुटपुंजी, पण विश्वास त्याच्या बाजूला. मोठमोठे प्रक्षेपक हाताशी असलेल्या संस्थेला तो विश्वास विकत घेता येत नव्हता. तिचा प्रमुख कितीही रसिक आणि व्यासंगी असला, तरी ही उणीव त्याच्या कौशल्याने भरून येण्यासारखी नव्हती.

१९४७ मध्ये बुखारी लाहोरला आपल्या जुन्या कॉलेजात प्राचार्य म्हणून गेले आणि फाळणीनंतर पाकिस्तानचे नागरिक झाले. पुढे ते संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानचे स्थायी प्रतिनिधी होते. काश्मीरच्या प्रश्नावर त्यांचा देश भारताच्या विरुद्ध बाजूला उभा होता, हे भारतीय श्रोता विसरू शकत नाही. पण १९५२ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियाचा प्रश्न पुढे आला, तेव्हा सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद बुखारींकडे होते. प्रश्न चर्चेला तरी घ्यावा, एवढीच आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांची मागणी होती. बुखारींनी ती हिरिरीने मांडली. पाच मते अनुकूल, दोन प्रतिकूल, चार तटस्थ. सात मते आवश्यक असल्यामुळे मागणी फेटाळली गेली. मतदानात ते हरले. पण पारतंत्र्यातील लोकांना आपल्या बाजूने बोलणारा आवाज मिळाला. दिल्लीत साम्राज्याच्या सेवेत घडलेले वक्तृत्व येथे साम्राज्याच्या विरोधात उभे राहिले. ट्युनिशिया १९५६ मध्ये स्वतंत्र झाला.

१९५४ मध्ये ते राष्ट्रसंघाच्या लोकमाहिती विभागाचे प्रमुख झाले. आता कोणत्याही एका राष्ट्राची बाजू घेणे त्यांना वर्ज्य होते. सुवेझ आणि हंगेरीच्या पेचप्रसंगांनी १९५६ साल हादरले, त्या काळात साऱ्या जगाला विश्वासार्ह वाटेल असे बोलायचे, ही कामगिरी त्यांच्या विभागाकडे होती. ५ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

राष्ट्रसंघाच्या ध्यानकक्षात स्वीडनहून आणलेल्या लोहखनिजाचा एक प्रचंड शिलाखंड आहे. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांची लोखंडावरची दोन ओळींची एक कविता बुखारींना अर्पण केलेली आहे. लोखंडातून निघणारी अवजारे आणि शस्त्रे हा तिचा विषय. ज्याला ती अर्पण झाली, त्याच्या हयातीचा विचार करता ही अर्पणपत्रिका फार उचित वाटते. ध्वनिग्राहकही त्याच जातीचा. त्याचे अवजार व्हावे की शस्त्र, हे लोखंड ठरवीत नाही. बोलणारा कोणासाठी बोलतो, यावरून ऐकणारा ते ठरवीत असतो.