तिकिटावरची मुंबई कोणती?

बचतगटाच्या गप्पांत विमान कशाला, असं वाटेल. पण आपल्यातल्या कुणी दिल्लीच्या सरस मेळ्याला माल घेऊन जातात, कुणाचा मुलगा दुबईला कामाला आहे. तिकीट घरातलं पोर मोबाईलवर काढतं आणि आपण तारीख, वेळ एवढंच विचारतो. आता विमानतळ कोणतं, हेही विचारायचं.

२५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली. (त्यासाठी तरघर, कोंबडभुजे धरून दहा गावं उठली, ती कहाणी वेगळी.) जुनं सहार-सांताक्रूझचं विमानतळही चालूच आहे. तिकिटावर दोन्हीकडे 'मुंबई' दिसतं, म्हणून शहराच्या नावाशेजारची तीन इंग्रजी अक्षरं बघा. बी-ओ-एम असेल तर जुनं, एन-एम-आय असेल तर नवं. जुन्याचेही दोन भाग आहेत. टर्मिनल एक सांताक्रूझच्या बाजूला, दोन सहारला. तो आकडाही वाचून घ्या.

या दोन विमानतळांत रस्त्याने साधारण ३५ ते ४० किलोमीटर अंतर आहे. रस्ता मोकळा असला तर तासभर. पण सायन-पनवेल रस्ता आणि वाशीचा खाडीपूल संध्याकाळी कसा असतो, ते तिथून गेलेल्यांना विचारा. दोन तास धरूनच निघावं. अटल सेतूवरून जाता येतं, पण आधी शिवडी गाठावी लागते आणि टोल वेगळा.

खरी अडचण येते ती एका विमानाने उतरून दुसरं पकडायचं असतं तेव्हा. दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली, एक सहारला उतरतं, दुसरं उलव्याहून सुटतं. स्वस्त पडलं म्हणून घेतलेलं असतं. बॅग आपणच उतरवून घ्यायची, आपणच पुन्हा द्यायची. देशातल्या विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर वेगळ्या तिकिटांत पैसे बहुधा आपलेच जातात. मधे सहा तास तरी नसतील तर असं तिकीट घेऊ नये, असं आमचं मत. टॅक्सीचं भाडं मिळवलं की स्वस्ताई उरतच नाही.

आता आपल्याकडून जायचं कसं? जुन्यासाठी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मग भुयारी मेट्रोने टर्मिनल एक किंवा दोन. नव्यासाठी ठाण्याहून नेरूळ, नेरूळला उरणची गाडी, तरघर स्टेशनला उतरून पुढे रिक्षा-टॅक्सी. उरणच्या गाड्या आपल्या कल्याण लोकलसारख्या पाठोपाठ नसतात, वेळ बघून निघा. डोंबिवली, शीळकडच्यांना नवं विमानतळ किलोमीटरने जवळ आहे, पण शिळफाट्याची कोंडी किलोमीटर मोजत नाही. ठाणेकरांना जुनंच सोयीचं. मुरबाड-शहापूरच्या बायकांनी पहाटेच्या विमानाला आदल्या रात्रीच कल्याणात कुणा नातलगाकडे उतरावं, कारण पहिली एसटी धरून वेळ साधत नाही.

पुढच्या बैठकीला ज्यांचं तिकीट निघालंय त्यांनी त्याची छापील प्रत आणा. ती तीन अक्षरं आपण सगळ्या मिळून बघू.