प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पालकसभेंत केलेलें भाषण)



 बोलावयाचें आहे तें एका कपाटाविषयीं.

आमच्या विद्यार्थिदशेंत प्रयोगशाळेचें कपाट सदैव कुलुपांत असे. निळा लिटमस आम्लांत तांबडा होतो असें वहींत लिहून आम्हीं पुरे गुण मिळविले. लिटमस मात्र हातीं आला तो कॉलेजांत गेल्यावर! काच फुटेल हें गुरुजनांचें भय खोटें नव्हतें, पैसा अल्प होता. तथापि त्या भयाचें मोल मुलांनीं द्यावें हें आम्हांस आजही पटत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या मुलांस आम्हीं एक जुना प्रयोग करावयास दिला. परातींत पाणी, मध्यें पेटती मेणबत्ती, वर काचेची बरणी उपडी. मेणबत्ती विझते व पाणी बरणींत चढतें. कारण विचारतांच सर्वांनीं एकमुखानें सांगितलें, "प्राणवायु संपला, त्याची जागा पाण्यानें घेतली." मग एका मुलीनें एकाऐवजीं तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी बरेंच अधिक चढलें! बरणी तीच, प्राणवायु तेवढाच. मग पाणी अधिक कां? पाऊण तास वाद झाला. बरणीच्या कडेखालून बुडबुडे बाहेर पडतांना एकानें पाहिले, तेव्हां उलगडा झाला. उष्णतेनें हवा प्रसरण पावून कांहीं बाहेर गेली होती. ज्योत विझून उरलेली हवा निवतांच तिचा दाब घटला व बाहेरच्या हवेनें पाणी आंत लोटलें. मेणबत्ती विझते तेव्हां बरणींत प्राणवायु पुष्कळ उरलेला असतो. हें आम्हांसही ठाऊक नव्हतें.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९७४ सालीं स्थापिलेलें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. आपल्या घाटकोपरपासून तें फार दूर नाहीं. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळातर्फें १९८१ पासून होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेंत लेखी परीक्षेनंतर सहावी व नववीच्या मुलांस प्रात्यक्षिकही द्यावें लागतें. आमचीं मुलें लेखी परीक्षेंत तरतात व तेथें अडखळतात; बुद्धि कमी म्हणून नव्हे, मोजपात्र कधीं हातीं धरलेलेंच नसतें म्हणून.

धर्मगुरूनें हें कां सांगावें, असें कोणी म्हणेल. ग्रेगोर मेंडेल या मठवासी धर्मगुरूनें ब्रनोच्या मठाच्या बागेंत १८५६ ते १८६३ या काळांत वाटाण्याचीं हजारों रोपें वाढवून त्यांचे दाणे मोजले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील वनस्पतिसंग्रह आजही फादर ब्लाटर यांच्या नांवानें ओळखला जातो.

महोत्सव-निधींतून सभागृहास नवी फरशी बसवावी अशी सूचना आली आहे. फरशी चांगलीच, परंतु आधीं प्रयोगशाळेस दोन लांब मेजें, एक नळ, आणि फुटणाऱ्या काचेसाठीं दरसाल कांहीं रक्कम द्यावी, अशी आमची विनंती आहे. कपाटाची किल्ली आम्हीं विज्ञानाच्या बाईंच्या स्वाधीन केली आहे. येत्या शनिवारीं दुपारीं हाच प्रयोग पालकांसाठीं होईल. वेदीवरील उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे आम्ही देऊं; लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आपण घरून आणाव्या.