पेपर आपला, बातमी आपली
(युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं उभं केलंय ते कवी म्हणून. पण आज कविता नाही. मी गोदीत माल उतरवतो. परदेशातनं वर्तमानपत्राच्या कागदाची रिळं येतात, एकेक रीळ माणसाच्या छातीला लागेल एवढं. ती ट्रकवर चढताना बघतो आणि डोक्यात येतं, एवढा कागद रोज छापून निघतो, त्यात आपल्या वस्तीचं नाव कधी येतं? कुणी मेलं तर. आणि येतं ते तरी कसं?

तालुक्याच्या पेपरची भाषा तुम्हाला पाठ आहे. आपल्या पोराला वरातीत घोड्यावरनं खाली ओढून तुडवलं, की बातमी येते : 'किरकोळ वादातून दोन गटांत हाणामारी'. दोन गट! एका बाजूला चाळीस लाठ्या, दुसऱ्या बाजूला एक नवरदेव, आणि म्हणे दोन गट. ही चूक नसते. तालुक्याच्या बातमीदाराला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. बातमी पोलीस ठाण्यातनं घ्यायची आणि जाहिरात ज्यानं लाठ्या पुरवल्या त्याच्याकडनं. मग त्याची लेखणी कुणाच्या बाजूनं चालणार?

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. सुरुवातीच्या बातम्यांनी त्याला 'अनैतिक संबंधां'चा रंग दिला. म्हणजे मेलेल्या बाईला पेपरानं पुन्हा एकदा मारलं. महाराष्ट्र हलला तो नोव्हेंबरात, आपली माणसं रस्त्यावर आली तेव्हा. मधला महिना खरी हकीकत आपल्या माणसांच्या तोंडी होती, मोठ्या पेपरांच्या पहिल्या पानावर नव्हती. तालुक्यात आपला चार पानांचा पेपर असता तर खून टळले असते, असं मी म्हणत नाही. पण पहिली ओळ आपण लिहिली असती. पहिली ओळ ज्याची, पंचनामा त्याच्या बाजूनं झुकतो.

बाबासाहेबांना हे शंभर वर्षांआधी कळलं होतं. 31 जानेवारी 1920ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले. 'केसरी'नं पैसे मोजूनसुद्धा त्याची जाहिरात घेतली नाही. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं, कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत. पुढं ते लंडनला गेले, मागं पेपराची आबाळ झाली आणि 1923ला तो बंद पडला. महाडच्या सत्याग्रहानंतर 3 एप्रिल 1927ला 'बहिष्कृत भारत' काढला. कॉलमच्या कॉलम एकट्यानं लिहून काढले. तोही 1929ला थांबला, पैशावाचून. जयंतीला आपण या पेपरांचे फोटो लावतो, हार घालतो. ते बंद का पडले, हे विचारत नाही. कारण त्याचं उत्तर आपल्या खिशाशी येतं. वर्गणी बुडवणारे आपणच होतो.

दुसरीकडं 'दीनमित्र' बघा. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी 1910ला सुरू केला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातनं 1967पर्यंत चालवला. उत्तर प्रदेशात चित्रकूट जिल्ह्यात कर्वी नावाचं गाव आहे, तिथं 2002ला बायांनी बुंदेली बोलीत 'खबर लहरिया' काढला. त्यातल्या बहुतेक दलित. बातमी त्याच आणायच्या, लिहायच्या त्याच, गावोगाव विकायच्याही त्याच. पुढं 2015च्या सुमारास त्यांनी कागद सोडला आणि मोबाईलवर गेल्या, पण आधी तेरा वर्षं कागदावर पाय रोवून. तेव्हा खेड्यात पेपर चालत नाही, हे रडगाणं बंद करा.

आता आमची गोष्ट सांगतो. ती सांगायलाच मी आलोय.

आम्ही चौघांनी आमच्या तालुक्याच्या गावी पाक्षिक काढलं. चार पानं, पाचशे प्रती, अंकाला साडेपाच हजार खर्च. मी शनिवारची रात्र एसटीत काढायचो. शेवटच्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते : मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक. त्या ओळीत आमच्यातल्या एकाचं नाव छापलं. त्याच्या बापानं जन्मभर दुसऱ्याला 'मालक, मालक' म्हटलेलं. त्यानं तो अंक घडी करून ट्रंकेत ठेवला. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या अंकाला पैसे संपले. पाच रुपये किंमत, खपायचे अडीचशे, त्यातले निम्मे उधार. चौथ्या अंकाच्या वेळी एका ठेकेदाराची वाढदिवसाची जाहिरात आली. अर्धं पान, पाच हजार रोख. त्याच अंकात आमच्या वस्तीतल्या गटाराची बातमी तयार होती. गटाराचं बिल निघालेलं, गटार खणलेलंच नाही. ठेकेदार तोच.

बातमी कुणी काढली? त्या ठेकेदारानं नाही. तो तसं बोललासुद्धा नाही. मी काढली. मी स्वतः. म्हणालो, या अंकात राहू दे, पेपर जगला तर पुढच्या अंकात छापू. तिच्या जागी माझी कविता टाकली. विद्रोहाची.

बातमी आम्हाला दिली होती वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मावशीनं. अंगठेबहाद्दर बाई. आमच्याबरोबर फिरून तिनं जागा दाखवलेली, वावेनं मोजून दिलेली. तिनं पाच रुपये टाकून अंक घेतला, नातीकडनं चारही पानं वाचून घेतली. जाहिरातीसकट, कवितेसकट. मग माझ्याकडं आली आणि म्हणाली, "लेकरा, ह्यात माझं गटार कुठं हाय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पावसाळ्यात तिच्या घरात घाण पाणी शिरलं, चुलीपर्यंत. पाचवा अंक आम्ही काढला नाही. लोकांना सांगितलं, पैशाअभावी बंद. ते खोटं होतं. आम्हाला तोंड उरलं नव्हतं. दोन गटांत हाणामारी लिहिणाऱ्या त्या बातमीदाराला मी शिव्या घालत होतो, आणि चार अंकांत त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो होतो.

म्हणून आता पुन्हा काढतोय तो वेगळ्या हिशेबानं. पाक्षिकाची ऐट नको, महिन्यातनं एकदाच. वस्तीवस्तीतनं तीनशे घरं, घरटी महिन्याला वीस रुपये, आधी हातात. सहा हजार झाले, अंक निघाला. ठेकेदार, नगरसेवक, कारखाना यांची जाहिरात नाही, वाढदिवसाची तर नाहीच. जमाखर्च दर अंकात छापायचा. आणि आलेली बातमी काढायची असेल तर चौघांनी बसून ठरवायचं, जिनं दिली तिला बोलावून. एकट्याच्या हातात कात्री नको. माझ्यातर मुळीच नको.

कायद्याचंही बघून ठेवा. पूर्वी 1867च्या कायद्यानं मॅजिस्ट्रेटपुढं डिक्लेरेशन द्यावं लागायचं. 2023चा नवा कायदा 1 मार्च 2024पासून लागू झालाय. नाव आणि नोंदणी आता प्रेस सेवा पोर्टलवर. त्यात एक कलम आहे : दहशतवादी किंवा बेकायदा कृत्याबद्दल शिक्षा झालेल्याला पेपर काढता येत नाही, आणि देशाच्या सुरक्षेविरुद्ध काही केलेल्यालाही नाही. ते ठरवणार कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून कागदपत्रं चोख ठेवा.

आणि छापायचं काय? नुसत्या घोषणा छापू नका. घोषणा आपल्याला पाठ आहेत. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. तुमच्या पंचायतीनं किती केले, कशावर केले, ते छापा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास करून 60 दिवसांत आरोपपत्र दाखल करायचं, असा नियम आहे. तुमच्या तालुक्यातल्या प्रत्येक गुन्ह्याचा दिवस मोजा आणि दर अंकात आकडा छापा : आज 41वा दिवस, आज 72वा दिवस. जिल्ह्याच्या दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतनं एकदा तरी झाली पाहिजे. शेवटची कधी झाली, विचारा. उत्तर मिळालं नाही तर 'उत्तर मिळालं नाही' हेच छापा, तारखेसकट.

कुणी म्हणेल, हातात मोबाईल असताना कागद कशाला? मोबाईल वापरा, मी कुठं अडवतोय? पण मोबाईलवरची बातमी संध्याकाळपर्यंत शंभर मेसेजांखाली गाडली जाते. पेपरचं कात्रण मात्र अर्जाला टाचता येतं. विहाराच्या भिंतीला लावता येतं. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याला थांबवून म्हणतो, वाच रे जरा. चार माणसं गोळा होतात. चार माणसं गोळा झाली की पुढचं आपल्याला येतं.

गटाराच्या कामाची नक्कल आता माझ्या पिशवीत आहे. मोजमापाची वही, बिल, सह्या, सगळं. नव्या अंकाची पहिली बातमी तीच. छापून झाला की पहिली प्रत घेऊन मी मावशीच्या घरी जाणार आहे. ती ओरडेल, ओरडू दे. पण नातीनं वाचताना पहिल्याच पानावर तिला तिचं गटार सापडलं पाहिजे.

तुमच्या गावातही एक गटार असेल. तिथनं सुरुवात करा.

जय भीम.