देणगीच्या फॉर्माची परीक्षा

(ज्युबिली-निधि समिती व धर्मग्रामस्थ यांच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिली-निधीचें आवाहन लवकरच करावयाचें आहे. मोबाइलवरून देणगी देण्याचा फॉर्म सिद्ध झाला, असें आम्हांस कळविण्यांत आलें आहे. सिद्ध झाला म्हणजे नेमकें काय झालें, एवढाच प्रश्न आज आम्ही आपणांपुढें ठेवणार आहों. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा प्रभूचा उपदेश आहे. ज्या दारानें पैसा आंत यावयाचा, तें दार उघडतें कीं नाहीं हें पाहणेंही त्याच अंदाजांत येतें.

पूर्वींचें देणें सोपें होतें. आपल्या द्रोणागिरीच्या डोंगरावर पोर्तुगीज अमलांतील देवळाचे अवशेष आजही दिसतात. त्या काळीं, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें, देवळासाठीं दिलेलें दान या हातांतून त्या हातांत जात असे. देणारा घेणाऱ्यास ओळखीत असे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं उरणपर्यंत रेल्वेचें उद्घाटन झालें. आज आपल्या बांकांवर जुन्या कोळी कुटुंबांशेजारीं बंदराच्या नोकरीसाठीं आलेलीं कुटुंबें बसतात. कित्येकांचे पुत्र जहाजांवर आहेत, कांहीं आखातांत आहेत. त्या सर्वांकडे पेटी घेऊन कोण जाणार? फॉर्म हवा, याविषयीं आमचें दुमत नाहीं.

परंतु ज्यानें फॉर्म बनविला त्यानेंच तो तपासावा, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. स्वतःचें अक्षर प्रत्येकास वाचतां येतें. म्हणून आमच्या सूचनेवरून समितीनें तो प्रथम तिघांच्या हातीं दिला : मासळी विकणाऱ्या एका आजी, एक निवृत्त कारकून आणि रजेवर आलेला एक खलाशी.

आजींनीं आपलें नांव मराठींत लिहिलें. फॉर्मानें तें नाकारलें, आणि कां नाकारलें हें इंग्रजींत सांगितलें. नातवानें तें नांव रोमन अक्षरांत लिहून दिलें, तेव्हां रकमेचे चौकोन पुढें आले : हजार, अडीच हजार, पांच हजार. चवथ्या चौकोनांत स्वतःची रक्कम लिहितां येत होती, पण ती ५०० रुपयांहून कमी चालत नव्हती. आजींस ५० रुपये द्यावयाचे होते. ही अट आपल्यापैकीं कोणीं घातलेली नव्हती. तयार नमुन्यांत ती आधींपासून होती, आणि ती काढावी असें कोणास सुचलें नाहीं, कारण पाहणाऱ्यांपैकीं प्रत्येकाच्या मनांत ५०० च्या वरचाच आंकडा होता. मंदिराच्या भांडारांत दोन क्षुल्लक नाणीं टाकणाऱ्या विधवेस प्रभूनें सर्वांहून अधिक देणारी म्हटलें. आपला फॉर्म तिला उंबरठ्यावरूनच परत पाठविणार होता! आतां ती अट गेली आहे, आणि देवनागरी नांवही चालतें.

कारकुनांची अडचण निराळी होती. त्यांनीं बटण दाबलें, पडद्यावर चक्र फिरत राहिलें, म्हणून त्यांनीं पुनः दाबलें. रक्कम दोनदां गेली. पहिल्या दाबण्यानंतर बटण बंद पडावें, एवढी दुरुस्ती त्यावर पुरली. मात्र त्याहून वाईट प्रसंग असा कीं, देणाऱ्याच्या खात्यांतून रक्कम वजा होते आणि आपल्या खात्यांत पोंचत नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानें यासाठीं मुदत घालून दिली. संस्थेस वा दुकानदारास यूपीआयनें दिलेली अशी रक्कम बँकेनें व्यवहाराच्या दिवसानंतर पांच दिवसांच्या आंत आपण होऊन परत जमा करावी. विलंब झाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी. नियम चांगला आहे, पण तो किती जणांस ठाऊक आहे? ज्यास ठाऊक नाहीं तो इतकेंच समजतो कीं पैसे देवळानें गिळले. तो तक्रार करीत नाहीं; पुढच्या वेळीं फक्त देत नाहीं. म्हणून रक्कम अडकल्यास काय होतें हें सांगणारीं दोन मराठी वाक्यें आणि धर्मग्राम-कार्यालयाचा दूरध्वनि फॉर्मावर हवा, आणि त्या क्रमांकावर फोन उचलला जातो कीं नाहीं हेंही पाहावयास हवें.

खलाशी म्हणाला, भर समुद्रांत ओटीपी येणार कसा? त्यास आमच्याजवळ उत्तर नाहीं. त्यानें बंदरास लागल्यावर द्यावें. त्याच्यामुळें मात्र कायद्याची एक बाब पुढें आली. भारतीय नागरिक परदेशीं राहून स्वतःच्या कमाईंतून बँकेमार्फत देतो, तेव्हां तें परदेशी दान ठरत नाहीं. ज्यानें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतलें त्याचें दान मात्र, तो येथेंच जन्मलेला असला तरी, २०१० च्या परदेशी-देणगी कायद्याखालीं येतें. तें नोंदणी वा परवानगी मिळालेल्या संस्थेनेंच घ्यावयाचें, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तें प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेंतील खात्यांतच यावें लागतें. तेव्हां नागरिकत्वाचा प्रश्न पैसे घेण्यापूर्वीं विचारला पाहिजे. ‘परदेशी नागरिक’ असें निवडल्यावर फॉर्म नम्रपणें थांबतो काय, हें पाहावें.

त्याच नमुन्यांत आयकर-सवलतीचें एक वाक्य होतें. केवळ धार्मिक कार्यासाठीं असलेल्या संस्थेस दिलेल्या दानावर अशी सवलत सहसा मिळत नाहीं. हिशेबतपासनिसांनीं लेखी होकार दिल्यावांचून तें वाक्य पुनः दिसूं नये. देवळाच्या नांवानें खोटें आश्वासन छापलें जावें, याहून मोठी लाज आम्हांस दिसत नाहीं.

२०२० च्या मार्चमध्यें पंतप्रधानांच्या ‘पीएम केअर्स’ निधीचें आवाहन झालें, तोंच त्याच्या यूपीआय पत्त्यांतील एक अक्षर गाळून बनविलेला खोटा पत्ता फिरूं लागला होता. आपल्या निधीकडे कोण लक्ष देतो, असें समजूं नये. पैसे पाठविण्यापूर्वीं पडद्यावर येणारें नांव बँकेंत नोंदलेलें खरें नांव असावें, असा नियम २०२५ च्या जूनअखेरपासून लागू झाला आहे. त्या जागीं आपल्या ट्रस्टचेंच नांव उमटतें काय? एखाद्या कार्यकर्त्याचें नांव उमटलें, मग तो कितीही सच्छील असो, तर देणाऱ्यानें हात आवरावा हेंच शहाणपणाचें.

आतां परीक्षेच्या क्रमाविषयीं. प्रथम खोट्या पैशानें चाचणी होते. तशी सोय पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्या देतात. पण खाते-क्रमांक बरोबर आहे कीं नाहीं, हें खोटा पैसा सांगत नाहीं. म्हणून नंतर खरा एक रुपया पाठवावा आणि त्याच्या मागोमाग जावें : तो पासबुकांत उतरला काय, पावती आली काय, पावतीवर नांव बरोबर आहे काय, नोंदवहींत तो कोणाच्या नांवें लागला. शेवटीं तोच रुपया परत करून पाहावा, कारण कोणास तरी एक दिवस रक्कम परत करावी लागेलच. पत्रिकेवरील क्यूआर चौकोन छापखान्याच्या कच्च्या प्रतीवरून, देवळाच्या मंद उजेडांत, कागदास घडी पडलेली असतां तपासावा. पडद्यावरची चूक रात्रींतून सुधारते. घरोघर गेलेला कागद परत बोलावितां येत नाहीं.

३ मे २०१६ रोजीं अमेरिकेंत अनेक शहरांनीं एकाच दिवशीं दानाचें आवाहन केलें होतें. त्यांची सामाईक यंत्रणाच गर्दीखालीं बसली. आपली गर्दी थोडी, परंतु मिस्सा संपतांच सर्वजण एकदम मोबाइल काढतील, आणि सभागृहांत नेटवर्क कसें असतें तें आपण जाणतांच.

दानपेटी मात्र दाराशीं होती तेथेंच राहील. तिला कोणीं हलवूं नये.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर सर्वांनीं सभागृहांत थांबावें आणि प्रत्येकानें एक रुपया पाठवावा. सोमवारीं सायंकाळीं समिती पासबुक घेऊन बसेल. ज्यांचा मोबाइल सर्वांत जुना, त्यांच्यासाठीं पुढची रांग राखून ठेविली आहे.