पाच वाक्यांचे पत्र



मंदसौर-नीमचच्या अफूच्या शेतांपासून फार दूर नसलेल्या या इंदुरात अफूवर्गीय औषधांविषयी बोलण्यास मराठीच्या प्राध्यापकाने उभे राहावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु या वेदनाशामक गोळ्यांनी अमेरिकेत जो अनर्थ घडविला, त्यात एका चुकीच्या उद्धरणाचा मोठा वाटा आहे. आणि उद्धरणे तपासण्यात माझी हयात गेली आहे.

जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने बोस्टनच्या जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे एक पत्र छापले. अवघी पाच वाक्ये! रुग्णालयात दाखल असताना अशी औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी केवळ चौघांना ते जडल्याचे आढळले. पत्र खोटे नव्हते. मात्र घरी बसून महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

१९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले. पाठदुखी, सांधेदुखी यांसाठीही ते खुशाल लिहून द्यावे, व्यसनाचा धोका शेकडा एकाहून कमी, असे कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना सांगत फिरले. शरीराला सवय होते, मात्रा वाढवावी लागते, औषध थांबवताच जीव कासावीस होतो आणि मात्रा अधिक झाली तर श्वासच मंदावतो, हे सारे त्या एका आकड्याआड झाकले गेले. २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी या पत्राचे ६०८ उल्लेख तपासले. शेकडा ७२ जणांनी ते व्यसन क्वचितच जडते याचा पुरावा म्हणून दिले होते. ते रुग्ण रुग्णालयातील होते, हे शेकडा ८१ जणांनी सांगितलेच नव्हते. माझ्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्यांना मी उसन्या तळटिपेबद्दल रागे भरत असे. तिथे फार तर पदवी लांबे! अमेरिकेत १९९९ ते २०२१ या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने सहा लाखांहून अधिक माणसे गेली. त्यांत पुढे हेरॉइन व फेंटानिलकडे वळलेलेही आले.

याचा अर्थ मॉर्फिन वाईट, असा कोणी करू नये. आपल्याकडे १९८५ च्या कडक कायद्यानंतर कर्करोगाच्या रुग्णांनाही ते दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला याच जातकुळीचे ट्रॅमाडॉल पाच दिवसांसाठी दिले होते. सहाव्या दिवशी ओळखीच्या औषधविक्रेत्याने चिठ्ठी न पाहताच आणखी एक पाकीट पुढे केले. हे सारे ठाऊक असूनही मी ते घेतले. ते अजून कपाटात आहे. फोडलेले नाही, आणि टाकूनही दिलेले नाही.