शिकाऊ बाईंचा आठवडा
(एका प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



गावच्या शाळेत अधूनमधून नव्या बाई दिसतात. हातात वही, खांद्याला पिशवी. काही आठवडे राहतात आणि जातात. लोक विचारतात, "ह्या कोण?" कोणी तरी सांगतो, "शिकाऊ आहेत." मग दुसरा म्हणतो, "म्हणजे आमच्या पोरांवर हात बसवायला आल्या होय!"

मी त्यांतलीच एक. आणि हे म्हणणे काही खोटे नाही. सुतार लाकडावर शिकतो. शिंपी कापडावर शिकतो. शिक्षक कुठे शिकणार? मुलांमध्येच शिकणार. पण लाकूड बोलत नाही, मूल बोलते. मुलाचे बोलणे ऐकायला शिकणे, हेच आमचे खरे शिक्षण. ते कसे चालते, हे आज तुम्हांला सांगते.

बारावीनंतर अध्यापक विद्यालयात दोन वर्षे शिकावे लागते. या अभ्यासक्रमाला पूर्वी डी.एड. म्हणत. आता डी.एल.एड. म्हणतात. २०१४ सालच्या नियमाने त्यातले निदान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. पुस्तकात वाचलेले तिथे कसाला लागते.

माझा एक आठवडा सांगते. शाळा खेड्यातली. मला तिसरीचा वर्ग होता. वर्गाचे गुरुजी जुने, जाणते.

सोमवारी सकाळी परिपाठ झाला. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार. मग मुले वर्गात बसली. त्या दिवशी मी शिकवले नाही. मागे बसून पाहिले. कोण लवकर हात वर करतो? कोण खाली मान घालतो? कोणाला फळा नीट दिसत नाही? दुपारी मुलांबरोबर खिचडी खाल्ली. जेवताना मुले मोकळेपणाने बोलतात. वर्गात गप्प बसणारी मुलगी तिथे घरच्या शेळीची सगळी हकिकत सांगते.

संध्याकाळी पाठाचे टाचण काढले. टाचण म्हणजे उद्या काय शिकवायचे, कशाने शिकवायचे, कोणते प्रश्न विचारायचे, याचा लेखी बेत. घरात लग्न असले म्हणजे आपण यादी करतो ना? तसेच.

मंगळवारी वजाबाकीचा पाठ होता. विद्यालयाचे सर मागे येऊन बसले. माझी एक मैत्रीणही निरीक्षणाला बसली. मी फळ्यावर गणित लिहिले. बेचाळीसमधून सतरा गेले, राहिले किती?

एका मुलाने पाटीवर उत्तर लिहिले, पस्तीस.

खरे उत्तर पंचवीस. शेजारची मुले हसली. त्या मुलाने पाटी पालथी घातली.

पाठ संपल्यावर सर मला म्हणाले, "उत्तर चुकलं, हे कोणीही सांगेल. ते कोणत्या वाटेनं चुकलं, हे शिक्षकानं शोधायचं."

बुधवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाजवळ बसले. म्हटले, "बाळा, पस्तीस कसे आले ते मला सांग बरं." तो आधी बोलेना. मग हळूच म्हणाला, "बाई, दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले. राहिले पाच. चारातून एक काढला. राहिले तीन. झाले पस्तीस."

पाहा मंडळी! मुलगा आळशी नव्हता. मठ्ठही नव्हता. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, एवढे त्याला पक्के माहीत होते. वरचा आकडा कोणता आणि खालचा कोणता, एवढेच तो विसरला. अशी चूक पुष्कळ मुले करतात. ती चूक रागावून जात नाही. वाट दाखवली म्हणजे जाते.

गुरुवारी मी काड्यांचे गठ्ठे घेऊन गेले. दहा काड्यांचा एक गठ्ठा. पण तो मुलगा आलाच नाही. शुक्रवारीही नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. शाळा सुटल्यावर गुरुजी आणि मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई भाजीच्या जुड्या बांधत होती. म्हणाली, "गुरुजी, त्याला हिशेब येत न्हाई. पोरं हसत्यात. आता जायाचं न्हाई म्हनतो. राहू द्या घरी. भाजी इकायला माझ्या हाताखाली तरी येईल."

गुरुजी म्हणाले, "ताई, पोरगा आठ वर्षांचा. आता शाळा सुटली तर पुढं फार जड जाईल." आई काही बोलली नाही. नुसती जुड्या बांधत राहिली. तिचेही खरे होते. घरात कमावणारे हात थोडे होते.

मी एसटीने माझ्या गावी गेले. लोकांना वाटते, शिकाऊ बाईंना शनिवार-रविवार मोकळा. कसला मोकळा! घरी गेल्यावर धुणे, पाणी, आईला हातभार. रात्री पुढच्या आठवड्याचे टाचण, पुठ्ठे कापणे, चित्रे चिकटवणे. पण रविवारी आमच्या गावचा आठवडी बाजार. आईने पिशवी दिली आणि मी बाजारात गेले.

तिथे तोच मुलगा भाजीच्या ढिगापुढे बसलेला! आई तागडी धरत होती आणि पैसे तो घेत होता. एका म्हाताऱ्या बाबांनी वांगी घेतली वीस रुपयांची, मेथी बारा रुपयांची. पन्नासाची नोट दिली. मुलगा थांबला नाही. म्हणाला, "बत्तीस झाले, बाबा. बत्तीस अन् आठ चाळीस, अन् दहा पन्नास." त्याने अठरा रुपये मोजून हातावर ठेवले. बरोबर अठरा!

हेच गणित पाटीवर असते, तर जुन्या वाटेने त्याने बावीस लिहिले असते. बाजारात मात्र तो चुकला नाही. तिथे चुकला असता तर आईचे चार रुपये गेले असते.

मी त्याच्या आईला म्हटले, "मावशी, याला हिशेब येतो. तुमच्या डोळ्यांदेखत केला. आता हाच हिशेब कागदावर कसा मांडायचा, तेवढंच शिकायचं राहिलंय. उद्या त्याला पाठवा."

आई मुलाकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बघ रं, बाई काय म्हनत्यात."

सोमवारी तो आला. मी वर्गातच बाजार मांडला. पुठ्ठ्याच्या दहाच्या नोटा, पुठ्ठ्याचे सुटे रुपये. दुकानदार त्यालाच केला. म्हटले, "तुझ्याजवळ दहाच्या चार नोटा आणि दोन सुटे रुपये आहेत. मला सतरा रुपये दे." त्याने एक नोट दिली. राहिल्या तीन नोटा. आता सात सुटे हवेत आणि जवळ दोनच. तो म्हणाला, "बाई, एक नोट मोडावी लागंल." नोट मोडली. दहा आणि दोन मिळून बारा सुटे झाले. सात दिले, पाच राहिले. नोटा राहिल्या दोन. पंचवीस!

मग फळ्यावर तेच आकड्यांत लिहिले. दशक मोडून एकक करणे म्हणजे नोट मोडणे. वर्ग शांत झाला. मग दुसऱ्याही दोघा-तिघांनी आपापल्या पाट्या पुसल्या आणि गणित पुन्हा मांडले. त्यांचीही तीच अडचण होती, पण ती कोणाला कळली नव्हती.

तो मुलगा अजून कधी कधी चुकतो. पण रोज येतो. आणि चुकले की पाटी पालथी घालत नाही, मला आणून दाखवतो.

मंडळी, सावित्रीबाई फुले आधी स्वतः शिकल्या आणि मग शिकवू लागल्या. ज्योतिराव आणि त्या दोघांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. शिकणारा माणूसच शिकवू शकतो. तुम्ही मोठेपणी हातात पाटी धरलीत. शिकताना लाज कशी वाटते, आणि कोणी धीराने सांगितले की कसे बरे वाटते, हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? म्हणून तुमच्याकडे तीन मागणी मागते.

पहिली. मुलाला रोज शाळेत पाठवा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळाले पाहिजे, असा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सुट्टीच्या दिवशी मुलाने बाजारात मदत केली तर बिघडत नाही. पण शाळेच्या दिवशी त्याची जागा शाळेत आहे.

दुसरी. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. त्याच कायद्याने या समितीत चारांतले तीन सभासद पालक असतात. निम्म्या सभासद बायका असतात. म्हणजे तिथे बोलायचा हक्क तुमचा आहे. मुलाला काय कळत नाही, कोण त्याला हसतो, शाळेत काय कमी आहे, ते तिथे सांगा.

तिसरी मागणी सगळ्यांत सोपी. तिला पैसा लागत नाही. मुलाचे उत्तर चुकले तर "मठ्ठ आहेस" म्हणू नका. विचारा, "हे कसं केलंस?" आणि तो सांगेल ते ऐका. आज घरी जाऊन करून पाहा. एकसष्टमधून चोवीस काढायला सांगा. उत्तर सदतीस यायला हवे. त्रेचाळीस आले, तर वाट कुठे चुकली ते आता तुम्हांला माहीत आहे. दहाच्या सहा नोटा आणि एक रुपया काढा, आणि एक नोट मोडून दाखवा.

तुमच्या गावात शिकाऊ बाई किंवा गुरुजी आले, तर त्यांना मुलाबद्दल चार गोष्टी सांगा. तो घरी काय काम करतो, त्याला काय आवडते, कशाला घाबरतो. आम्ही गावात थोडेच दिवस असतो. तुम्ही त्याला जन्मापासून ओळखता. तुम्ही सांगितलेत, तर आमचे शिकणे लवकर होईल आणि तुमच्या मुलाचेही.